न दिसणाऱ्यांची साक्ष : माथेरानची जुनी छायाचित्रे आणि अनुपलब्धीचा प्रश्न

भिवपुरी रोड स्थानकाच्या पश्चिमेला आडवी पसरलेली उंच डोंगरसपाटी म्हणजे माथेरान. स्थानकावरून सागाच्या वाडीमार्गे गारबटच्या पठारावर आणि तिथून वर माथेरानात जाणारी पायवाट अजून वापरात आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे लहानसे गाव कर्जत तालुक्यात मोडते. थंड हवेचे ठिकाण म्हणून मुंबईकर इथे येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर कॅमेराही आला. जुन्या अल्बमांत आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चित्र-पोस्टकार्डांवर माथेरानचे ठरावीक विषय पुन्हा पुन्हा भेटतात : दरीवर झुकलेले पॉइंट, झाडीतले बंगले, बाजाराचा रस्ता, १९०७ नंतर नेरळहून वर येणारी छोटी गाडी, आणि प्रार्थनास्थळांत मुख्यतः अँग्लिकन पंथाचे सेंट पॉल चर्च. रोमन कॅथलिकांचेही एक लहान प्रार्थनागृह गावात आहे.

ही छायाचित्रे पाहताना पहिला परिणाम होतो तो शांततेचा. रस्ता मोकळा, चर्चचे आवार मोकळे, झाडांखाली कोणी नाही. पाहणाऱ्याच्या मनात एक निष्कर्ष आपोआप तयार होतो : इथे फारसे कोणी नव्हते. साहेब आला, त्याने जंगलात घरे बांधली, देवासाठी एक देखणी इमारत उभारली आणि रविवारी तिथे प्रार्थना केली. बाकी डोंगर निर्मनुष्य होता. हा निष्कर्ष किती खरा, हे ठरवायचे तर आधी तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न सोडवावा लागतो. एखादी गोष्ट दिसत नाही, एवढ्यावरून ती नव्हती असे केव्हा म्हणता येते? या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला आहे, आणि तो वाद देवाच्या अस्तित्वापर्यंत जाऊन पोचला आहे.

सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्ट यांनी ‘श्लोकवार्तिका’त अभावाच्या ज्ञानाला स्वतंत्र प्रमाण मानले. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द आणि अर्थापत्ती यांच्या जोडीला हे सहावे प्रमाण, अनुपलब्धी. पुढे अद्वैत वेदान्तानेही ते स्वीकारले. त्याचे नेहमीचे उदाहरण जमिनीवरच्या घटाचे आहे. समोरची जमीन दिसते, तिच्यावर घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे कळते. मीमांसेतल्याच प्रभाकराच्या अनुयायांना हे वेगळे प्रमाण मान्य नव्हते. नैयायिकांच्या मते अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच सामावते. या मतभेदात इथे खोल शिरण्याचे कारण नाही, कारण एका अटीवर जवळजवळ सगळ्यांचे एकमत होते. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड पुरेसा हवा, डोळा धड हवा, मध्ये आडोसा नको, आणि वस्तू मुळात दिसण्यासारखी हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. या अटीला ‘योग्यता’ म्हणतात आणि अशा अदर्शनाला ‘योग्यानुपलब्धी’. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीनेही हीच मर्यादा घातली. त्याच्या परंपरेत पिशाचाचे उदाहरण येते. पिशाच स्वभावतःच अदृश्य मानलेले असल्याने ते दिसले नाही म्हणून ते नाही असे ठरत नाही. फार तर संशय उरतो.

ही अट छायाचित्राला लावली की छायाचित्राचे स्वरूप उघडे पडते. छायाचित्रालाही एक डोळा असतो, आणि त्या डोळ्याची योग्यता माणसाच्या डोळ्यापेक्षा वेगळी असते.

सुरुवात पॅरिसच्या एका रस्त्यापासून करता येते. १८३८ च्या सुमारास लुई दागेर याने एका उंच खिडकीतून बुलेव्हार द्यु टाँप्ल या रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. त्या काळच्या चांदीच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात ज्या गाड्या, घोडे आणि माणसे पुढे सरकली, त्यांचा पत्र्यावर मागमूस राहिला नाही. गजबजलेला रस्ता सुना दिसतो. कोपऱ्यात एकच माणूस ओळखू येतो, कारण तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. पॉलिश करणाऱ्याची आकृती त्याच्या पायाशी जेमतेम उमटली आहे. माणसाच्या छायाचित्रांच्या इतिहासातला हा अगदी आरंभीचा नमुना मानतात. पहिला ठळक दिसतो तो सेवा घेणारा, आणि राबणारा हात हलत असल्यामुळे धूसर होतो, ही गोष्ट माथेरानची छायाचित्रे पाहतानाही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मुंबईत छायाचित्रण लवकर रुजले. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. तेव्हा पद्धत होती ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर वाळण्यापूर्वी धुऊन घ्यायची. सगळे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे, म्हणून अंधारा तंबू, रसायने, पाणी आणि काचांच्या पेट्या छायाचित्रकाराबरोबर फिरत. छोटी गाडी सुरू होण्यापूर्वी नेरळहून माथेरान म्हणजे सुमारे सात मैलांची चढण. साहेब-मडमा पालखीतून किंवा तट्टावरून जात आणि सामान हमालांच्या डोक्यावरून. त्या वाटेने कॅमेरा वर नेणारी माणसे होती म्हणूनच छायाचित्र निघू शकले. पण त्यात ती उमटायचे काहीच कारण नव्हते.

माथेरानच्या रस्त्यांवर जांभूळ, हिरडा, अंजनीची दाट सावली असते. भर उन्हातल्या देखाव्याला काही सेकंद पुरत असले तरी सावलीतल्या रस्त्यासाठी भिंग बरेच जास्त वेळ उघडे ठेवावे लागे. अशा चित्रात इमारतीचा प्रत्येक चिरा, छपराची कड, पायरीवरची भेग लख्ख येते. चालत गेलेल्या माणसाच्या जागी एखादी धुरकट रेघ राहते, नाही तर काहीच राहत नाही. कोणी थांबून मान वळवली असेल तर धड दिसते आणि चेहरा पुसलेला असतो. घोड्याचे चार पाय स्पष्ट आणि शेपूट नाहीसे, असेही होते. चर्च स्थिर असते म्हणून ते दिसते. चर्चकडे येणारी माणसे चालत असतात म्हणून ती दिसत नाहीत. त्या चित्रातला मोकळा रस्ता हा अभावाचा पुरावा नाही, कारण योग्यतेची पहिलीच अट, वस्तू स्थिर असण्याची, तिथे मोडलेली आहे.

दुसरी अट रंगाची. कलोडियनची काच आणि नंतर १८८० च्या आसपास सर्रास मिळू लागलेली जिलेटिनची कोरडी काच, दोन्ही निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. निळे आभाळ पांढरेफेक येई, ढग त्यात विरून जात, आणि तांबडे ते सगळे काळे पडे. माथेरान हे जांभ्या दगडाचे आणि लाल मातीचे गाव आहे. पायाच्या तळव्यापासून घोड्याच्या खुरापर्यंत सगळ्याला ती माती लागते. शार्लट तलावाजवळ गावाचे दैवत पिसरनाथ आहे, शेंदूर माखलेल्या स्वयंभू पाषाणाच्या रूपात. झाडीच्या सावलीतला शेंदरी दगड त्या काचेवर घेतला असता, तर अंधारातला काळा ठिपका हाती आला असता. ज्या रंगातून भाविकाला देव ओळखू येतो, नेमका तोच रंग त्या काळच्या काचेला दिसत नव्हता. उन्हात उभी असलेली चर्चची भिंत आणि मागचे पांढरे आभाळ मात्र त्या काचेला सर्वांत सोयीचे. सगळ्या रंगांना न्याय देणारी काच बाजारात आली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. तोवर माथेरानची चित्रमय ओळख ठरून गेली होती. छायाचित्रकाराच्या मनात पूर्वग्रह असोत वा नसोत, रसायनानेच एका देवळाला मागे ठेवले आणि एका चर्चला पुढे आणले. एवढी मोठी सांस्कृतिक गोष्ट एवढ्या साध्या भौतिक कारणाने घडावी, याचे महत्त्व इतिहास लिहिणाऱ्यांनी पुरेसे ओळखलेले नाही.

तिसरी अट ऋतूची. माथेरानचा हंगाम पावसाळ्याआधीचा आणि पावसाळ्यानंतरचा. जूनच्या मध्यात धुके आणि पाऊस डोंगर ताब्यात घेतात, पाहुणे उतरतात, बंगल्यांना कुलपे लागतात. त्या काळात काचा, रसायने आणि लाकडी कॅमेरा घेऊन वर जाण्याचा विचारही कोणी करत नसे. माथेरानच्या जुन्या चित्रांत ऊन असते ते यामुळे. पावसाळ्याचे चार महिने माथेरानात किंवा त्याच्या उतारावरच्या वाड्यांत ज्यांनी काढले त्यांचे जीवन या संग्रहात नाही, आणि हंगाम संपल्यावरचे बंद दाराचे चर्चही नाही.

आता त्या ‘शोधा’कडे पाहता येते, ज्याने माथेरानचा इतिहास नेहमी सुरू होतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट मे १८५० मध्ये चौक गावाहून डोंगर चढून वर आले. त्याच वर्षी ते पुन्हा वर आले आणि त्यांनी घर बांधायला घेतले. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी पुढे रस्ते आणि वस्तीची आखणी करवली. कल्याणहून खोपोलीपर्यंतचा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाल्यावर नेरळ हे माथेरानचे दार झाले. सेंट पॉल चर्च या पहिल्या वस्तीच्या काळातले आहे. ही माहिती खरी आहे; चुकीचा आहे तो ‘शोध’ हा शब्द ज्या पोकळीवर उभा केला जातो तो भाग. त्या डोंगरावर आणि त्याच्या अंगाखांद्यावर ठाकूर, कातकरी आणि धनगर राहत, गुरे चारत, पाण्याच्या जागा जाणत. याचा पुरावा शोधायला दूर जायला नको. माथेरानचे अधीक्षक असलेले डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी १८७१ मध्ये माथेरानवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच डोंगराचे लोक, वनस्पती आणि प्राणी अशी क्रमवारी आहे, आणि त्यात लोक पहिले आहेत. लेखणीला जी माणसे दिसली ती कॅमेऱ्याला दिसली नाहीत. एकाच काळातली, एकाच राज्यकर्त्या समाजातली दोन साधने असे वेगळे सांगतात, तेव्हा छायाचित्रातल्या रिकामेपणाला पुरावा म्हणणे सोडून द्यावे लागते.

चर्चच्या बाबतीत हा प्रश्न आणखी खोल जातो. चर्चचे छायाचित्र नक्की कशाचे छायाचित्र असते? दगडी भिंती, कमानी, घंटेची जागा, रंगीत काचेची खिडकी हे सगळे चित्रात येते. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र देवाचे मंदिर म्हणून प्रथम मानली जाते ती श्रद्धावानांची मंडळी. ज्या संत पौलाचे नाव माथेरानच्या चर्चला आहे, त्यानेच करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्या मंडळीला देवाचे मंदिर म्हटले. तेव्हा ख्रिस्ती लोकांकडे चर्चच्या इमारती नव्हत्या. ते घराघरांत जमत. महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र येण्याची वाट होती. अशा मंडळीचा फोटो चर्चसमोर उभे राहून काढता येत नाही. सेंट पॉलचे रिकामे आवार दाखवणारे चित्र म्हणूनच एका अर्थी चर्चचे चित्र नाहीच. ते चर्चच्या घराचे चित्र आहे.

याउलटचे उदाहरण घाटाच्या वर सापडते. भिवपुरीवरून जाणारा लोहमार्ग कर्जतहून घाट चढून लोणावळ्यापुढे मळवलीला जातो. राजा रवि वर्मा यांचा छापखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळवलीला हलला. तिथून लक्ष्मी, सरस्वती, दत्त यांची रंगीत चित्रे घरोघर गेली. चौकटीत बसली, हळद-कुंकू लागून त्यांच्या काचा लाल-पिवळ्या झाल्या, उदबत्तीच्या धुराने कडा काळवंडल्या. तेही यंत्रावर छापलेले कागदच होते. पण भाविक त्यांच्यापुढे उभा राहिला तो दर्शन घ्यायला. त्याची श्रद्धा अशी की आपण देवाला पाहतो आणि देव आपल्याला पाहतो. माथेरानच्या चर्चचे पोस्टकार्ड विकत घेणाऱ्याने ते इंग्लंडला पाठवले ते हवापालटाची खूण म्हणून. चर्चच्या पोस्टकार्डापुढे कोणी गुडघे टेकत नाही आणि टेकावेत अशी त्या पंथाची अपेक्षाही नाही. प्रोटेस्टंट सुधारणेने प्रतिमेविषयी जो संशय धरला, त्याचा हा वारसा. त्याआधी, इ. स. ७८७ मधल्या निकियाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीपर्यंत पोचतो, असे ठरवले होते. एकाच लोहमार्गावर, थोड्याच वर्षांच्या अंतरात, पवित्र वस्तूच्या चित्राचे हे दोन उपयोग रूढ झाले. एका चित्रात पूजा घडत होती, तर दुसरे पूजेच्या जागेची आठवण देत होते. दोन्ही प्रामाणिक आहेत, पण दोघांकडून एकाच साक्षीची अपेक्षा धरता येणार नाही.

प्रार्थना तर कोणत्याच काचेवर येत नाही. वाकलेले मस्तक येते, जोडलेले हात येतात. पण त्या क्षणी आत काय चालले होते, याचे प्रतिबिंब प्रकाशात नसतेच. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले नैयायिक उदयनाचार्य यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरासंबंधी हाच विचार मांडला. चार्वाक म्हणतो, ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही. उदयनांचे उत्तर असे की ईश्वर इंद्रियांना दिसण्यायोग्य असता, तर त्याच्या न दिसण्याला वजन आले असते. तो तसा मानलेलाच नाही, म्हणून अदर्शनाने त्याचे खंडन होत नाही. केवळ न दिसणे पुरेसे मानले, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला आपली बायकामुले नाहीशी झाली असे समजून रडावे लागेल. उदयनांचा हा युक्तिवाद ईश्वर सिद्ध करत नाही. त्यासाठी त्यांनी वेगळी अनुमाने दिली, आणि ती मान्य करावीत की नाही हा निराळा वाद आहे. पण नकाराची घाई थांबवण्याचे काम हा युक्तिवाद चोख करतो. छायाचित्राकडे पाहून ‘इथे भक्ती नव्हती, नुसता साहेबी थाट होता’ असे म्हणणारा आणि ‘इथे केवढी गाढ श्रद्धा होती’ असे म्हणणारा, दोघेही चित्राला त्याच्या आवाक्याबाहेरचे विचारतात.

इथे एक धोका आहे आणि तो उघडपणे सांगायला हवा. योग्यतेची अट म्हणजे वाटेल ते कल्पून घेण्याची मुभा नव्हे. अभाव सिद्धही होतो. नेरळ स्थानकाच्या एखाद्या स्वच्छ, समोरून उन्हात घेतलेल्या चित्रात छोट्या गाडीचे दोन फुटी रूळ नसतील, तर ते चित्र अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी तो मार्ग बांधण्यापूर्वीचे, हे निःशंकपणे म्हणता येते. रूळ हलत नाहीत, पावसात नाहीसे होत नाहीत, उन्हात चकाकतात. असते तर दिसले असते. चर्चच्या इमारतीत नंतर केलेली भर याच रीतीने कालक्रमाने लावता येते. दगड, लोखंड, छप्पर आणि मोठी झाडे यांच्याविषयी जुनी काच उत्तम साक्षीदार आहे. माणसे, तांबडा रंग, पाऊस आणि श्रद्धा यांच्याविषयी तिची साक्ष अपुरी आहे. साक्षीदार कोणत्या बाबतीत विश्वासार्ह हे आधी ठरवून मगच त्याला प्रश्न विचारायचे, ही न्यायालयात पाळली जाणारी शिस्त चित्रांनाही लागू होते.

काही माणसे मात्र चित्रात आहेत आणि तरीही हरवलेली आहेत. हातरिक्षाचे चित्र माथेरानच्या ओळखीचाच भाग होते. बसलेली व्यक्ती निवांत, ओढणारे दांडीला धरून ताठ उभे. ते स्पष्ट दिसतात, कारण त्यांना थांबायला लावलेले असते. खाली छापलेल्या ओळीत रस्त्याचे किंवा पॉइंटचे नाव असते, त्यांचे नसते. मुंबईत विल्यम जॉन्सन यांनी १८६० च्या दशकात इथल्या जातीजमातींचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात स्टुडिओत टिपलेल्या माणसांच्या आकृती वेगळ्या देखाव्यांवर चिकटवून छापल्या होत्या. माणूस एकीकडे आणि त्याची जागा दुसरीकडे, असा तो प्रकार. तिथेही व्यक्तीचे नाव नाही, जातीचे आहे. इथे अनुपलब्धी शरीराची नाही, नावाची आहे. आणि ही उणीव काचेच्या रसायनाने आलेली नाही. विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही म्हणून ती आली, आणि तिची नैतिक जबाबदारी माणसांवरच पडते. माणसाने माणसाला रिक्षातून ओढण्याची ही पद्धत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२५ मध्ये.

ज्या वर्षांत माथेरानच्या बाजाराची पोस्टकार्डे मुंबईत विकली जात होती, त्याच वर्षांत, १ डिसेंबर १९१२ रोजी, माथेरानातल्या एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म झाला. ते वकील झाले, आणि १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभारला. त्या दस्त्याने मुंबईला जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. घाटाच्या पायथ्याशी भिवपुरीला १९२२ पासून वीज तयार होत होती आणि ती अशाच मनोऱ्यांवरून मुंबईकडे जाई. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. बाजाराच्या मोकळ्या दिसणाऱ्या रस्त्यालगतच्या घरांत अशी माणसे वाढत होती. चित्रात त्यांची चाहूलही नाही, आणि चित्राकडून ती अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे.

भिवपुरी, नेरळ, कर्जत, माथेरानच्या घरांत अजूनही जुने फोटो ट्रंकेत, फडताळात, भिंतीवरच्या चौकटीत आहेत : देवळाच्या जत्रेचे, चर्चमधल्या लग्नाचे, वीजघराच्या वसाहतीतल्या गणपतीचे, दुकानाच्या पायरीवर बसलेल्या आजोबांचे. ते घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापुढे ठेवावेत आणि प्रत्येक चेहऱ्याचे नाव, जागा आणि अंदाजे साल विचारून घ्यावे. मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने ते लिहावे. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते. त्या दिवशी तिथे हजर असून फोटोत न आलेल्यांची नावेही त्याखाली लिहून ठेवावीत.